फुटणाऱ्या गाडग्याविषयी लोकांची मते

मातीचे भांडे फुटल्याचा आवाज फार थोडा वेळ टिकतो. आधी एक कोरडा, पोकळ ठोका, त्यामागून खापऱ्या विखुरल्याची बारीक खळखळ, आणि मग एकदम शांतता. गेल्या श्रावणापासून पुढे कितीतरी दिवस मेहकरच्या आमच्या घरात हा आवाज दुपारभर येत असे, आणि तुम्हाला खरे सांगतो, दरवेळी माझ्या काळजात धस्स होई. भिक्षुकाच्या घरात वाढलेल्या माणसाला या नादाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. स्मशानात चितेभोवती प्रदक्षिणा झाली की खांद्यावरचे पाण्याचे मडके मागे टाकून फोडतात, त्याचाच हा नाद. घरात माणूस आजारी, आणि त्याच्याच हातातल्या फोनमधून गाडगी फुटत होती. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत, "बंद करा ना ते! दिवसभर काय फोडून राह्यले!" पण ते काही बंद होत नसे.

तो आजारी माणूस म्हणजे माझे थोरले बंधू, नाना. पेशाने भिक्षुक. तालुक्यातल्या किती घरांच्या मुंजी-लग्नांना त्यांचा स्वर लागला असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्यांचा उच्चार असा निर्मळ, की मंडपाच्या पार टोकाला बसलेल्यालाही 'श' आणि 'ष' वेगळे ऐकू यावेत. स्वभावही तितकाच काटेकोर. यजमानाने मागून म्हणताना एखादा शब्द मोडला की नाना हात वर करत आणि शांतपणे म्हणत, "पुन्हा. पहिल्यापासून." यजमान घामाघूम होई, बायका पदराआड हसत, आचारी भाताकडे पाहून हळहळे, पण सुटका नसे. मी स्वतः शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. ऱ्हस्वदीर्घावरून मुलांवर खेकसणे हा माझाही व्यवसायच, पण नानांपुढे मी अगदीच मवाळ.

वैशाखातल्या एका सकाळी ते संध्येला बसले आणि तिथेच कलंडले. मेंदूत गुठळी झाली होती. हातपाय लवकर सावरले, वाचा मात्र गेली. आणि गेली ती कशी? पाणी हवे असले तर 'पाणी' हा शब्द त्यांना सापडेना. आम्हा सर्वांकडे ते पाहत, ओळखत, डोळ्यांनी बोलत, पण ओठांवर काही येईना. आणि दवाखान्यातून घरी आणले त्याच संध्याकाळी वहिनींनी देवापुढे दिवा लावला, तर अंथरुणावरून नाना एक अख्खे स्तोत्र एकही अक्षर न अडखळता म्हणून गेले. डॉक्टरांनी समजावले की जन्मभर पाठ केलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, आणि मनातले, त्या क्षणी जुळवून बोलायचे शब्द वेगळ्या वाटेने. यांची ही दुसरी वाट तुटली आहे. आम्ही माना डोलावल्या, आणि घरी येऊन एकमेकांना म्हणालो, मंत्राचा महिमा आहे, होतील बरे.

आमच्यासारख्या घरातच होऊ शकते अशी चूक त्यातूनच झाली. डोणगावचे एक जुने यजमान भेटायला आले असता नाना पूजेला बसलेले होते. त्यांचे मंत्र ऐकून ते म्हणाले, "गुरुजी तर खडाखडा म्हणून राह्यले, मंग काऊन घरी बसवता त्यायले?" आम्हालाही ते पटले. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. नानांना सोवळे नेसवून गाडीत बसवले, सोबत त्यांचा शिष्य आनंद आणि मी. तिथे आरंभ असा झाला, की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. मग संकल्प आला. संकल्पात त्या दिवसाची तिथी आणि यजमानाचे नाव घालायचे असते. सबंध मंत्रात तेवढीच एक जागा रिकामी असते, आणि ती दरवेळी नव्याने भरावी लागते. त्या जागेशी नाना थांबले. यजमान स्वतःचे नाव पुनःपुन्हा सांगत होते, आनंद सांगत होता, पण नानांच्या ओठांना ते काही केल्या धरता येईना. शेवटी आनंदनेच पूजा उरकली. परतताना नाना सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होते. त्या दिवसापासून त्यांनी स्तोत्रे म्हणणेही सोडले.

घरात आता पूर्ण शांतता, आणि समोर त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे लग्न. वैष्णवी तिचे नाव, घरात पिंकी. ती इथेच एका मेडिकलवर कामाला आहे. मार्गशीर्षातली तिथी ठरलेली होती. कन्यादानाच्या संकल्पात मुलीचे नाव बापाने उच्चारायचे असते, हे भिक्षुकाच्या घरात कोणी कोणाला सांगायचे? वहिनी एकदा पदर डोळ्यांना लावून मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच बसा पाटावर. यायची पुन्हा तशी शोभा नको व्हायले." मी हो म्हणालो. पिंकीने ते ऐकले आणि भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "बाबाच म्हणतील. नाही आलं तर थांबू. मले काही घाई नाही."

वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते की यांना पाठ नसलेली, छोटी-छोटी, कोणीतरी खरोखर बोलल्यासारखी वाक्ये मोठ्याने वाचायला द्या. आम्ही वर्तमानपत्र दिले, त्याची वाक्ये अर्ध्यातच त्यांच्या हातून सुटत. पहिलीचे पुस्तक आणले, तर ज्यांनी पोरांना वेद शिकवला त्यांनी 'कमळ बघ' कसे वाचावे? त्यांनी ते पुस्तक पालथे घातले आणि भिंतीकडे तोंड केले. तेव्हा पिंकीने आपला जुना फोन त्यांच्या हाती दिला. त्यात तिचा एक आवडता खेळ होता, कोण्या वऱ्हाडी पोरांनीच बनवलेला. एक मातीचे गाडगे, त्याला काडीसारखे दोन पाय. कुंभाराच्या आव्यापासून, म्हणजे भट्टीपासून, निघून दगडांवरून, फांद्यांवरून, चालत्या बैलगाडीवरून उड्या मारत त्याला टेकडीवरच्या पाणपोईत पोचायचे असते. केसभर चुकले की गाडगे पडते, फुटते, आणि खापऱ्याच तोंड उघडून विचारतात, "काऊन बे, कुठी पाहून राह्यला होता?" मग पुन्हा आव्यापासून आरंभ. नानांचा अंगठा मंद चाले, त्यामुळे त्यांचे गाडगे सारखे फुटे. पण पिंकीला खेळ द्यायचाच नव्हता. तिला द्यायची होती ती त्या खेळाखाली लोकांनी लिहिलेली मते. "बाबा, हे वाचा. मंत्र नाहीत, लोकायचे शिव्याशाप आहेत."

काय ती मते! मी आयुष्यभर साहित्य शिकवले, पण इतके निष्कपट गद्य मला क्वचितच भेटले. एकाने लिहिले होते, "ज्यानं हा खेळ बनवला त्याच्या चहात रोज माशी पडो." दुसरा म्हणत होता, "उडी बरोबर होती. आईची शपथ. गाडगं खोटं बोलते." एका गृहिणीने खेळाला भरभरून चांदण्या दिल्या होत्या आणि कारण दिले होते, "घरधनी आजकाल माह्याशी नाही, गाडग्याशीच भांडून राह्यले." कोणी पुणेकर भाषा शुद्ध हवी होती म्हणून खंत करत होता, आणि खाली साऱ्या वऱ्हाडाने त्याचा समाचार घेतला होता. बोट सुजलं, वाईट खेळ, उद्या परत, एवढेच एकाचे मत. नाना एकेक शब्द चाचपडत, अंधारात जिना उतरावा तसे ही वाक्ये वाचत. मध्येच शब्द मोडला की त्यांचा हात आपोआप वर जाई आणि ते वाक्याच्या आरंभाकडे परत येत. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर राखलेला नियम त्यांनी स्वतःलाही सोडला नव्हता, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटे.

मी शेजारी बसून ऐकत असे आणि विचार करत असे. इतका त्रास होतो तर ही माणसे खेळ सोडून का देत नाहीत? ज्याची इतकी निंदा करायची त्याच्याच दाराशी रोज का जायचे? त्या मतांमध्ये एक मत होते, हसवणाऱ्यांच्या गर्दीत एका बाजूला उभे असलेले. "काम सुटल्यापासून घरात सगळे समजावतात. इथं पडलो तर कोणी समजावत नाही. नुसतं हसतात अन् पुन्हा उभं करतात." ते वाक्य नानांनी संपवले आणि पुन्हा आरंभापासून वाचले. सहानुभूतीचेही एक ओझे असते. आजाऱ्याभोवती आपण सारे आवाज उतरवून बोलतो, त्याच्या चुकीकडे न पाहिल्यासारखे करतो, आणि त्याला वाटत राहते की आपण आता हसण्याच्याही पलीकडे गेलो. त्या खापऱ्यांनी नानांना ती सवलत दिली नाही. त्या त्यांना खुशाल, 'का रे' म्हणावे तसे, 'काऊन बे' म्हणत. शहाण्णव गावांत 'गुरुजी' म्हणवून घेतलेल्या माणसाला 'बे' म्हणणारे दुसरे कोण होते? आणि त्यावर नाना एकदा हसले. आजारानंतर प्रथमच हसले, तोंडाचा एक कोपरा थोडा मागे राहिला, पण हसले. वहिनी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

तरी खरी गोष्ट घडली ती दिवाळीनंतर. कोणा उत्साही खेळाडूने एक लांबलचक मत लिहिले होते, थोडेसे उपदेशाच्या सुरात. हा खेळ कठीण असला तरी न्यायी आहे, यात नशीब नाही, पडलो तर चूक नेहमी आपलीच असते. नानांनी ते कष्टाने शेवटपर्यंत वाचले. 'आपलीच असते' इथवर आले, फोन मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, "खोटं."

तो शब्द तिथे लिहिलेला नव्हता. मी फोन उचलून पाहिला, खात्री करून घेतली. तो पाठही नव्हता, कोणी सांगितलेलाही नव्हता. सहा महिन्यांनी माझ्या भावाने स्वतःच्या मनातला एक शब्द स्वतःच्या तोंडाने म्हटला होता, आणि तो शब्द म्हणजे एक मत होते. खेळ न्यायी असेलही, पण नानांची कोणती उडी चुकली होती? पहाटे उठणारा, निर्व्यसनी, सात्त्विक अन्न खाणारा माणूस संध्येच्या पळीपंचपात्रापुढे कोसळतो, त्यात त्याने कुठे पाहायला हवे होते? 'गुरुजींचंच काही चुकलं असेल' असे आल्यागेल्याच्या डोळ्यांत त्यांनी महिनोन्महिने वाचले असणार, आणि त्याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी ते मिळाले. पिंकी कामावरून आल्यावर मी तिला सांगितले, तर ती चप्पलही न काढता आत धावली. मग हळूहळू आणखी शब्द आले, 'पाणी', 'नको', 'बस'. फक्त मुलीचे नाव काही येईना. ते 'व'पर्यंत जात आणि कोसळत.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टके झाली आणि कन्यादानाला नाना पाटावर बसले, मी नाही. आनंद पौरोहित्य करत होता. तिथी, दोन्हीकडची गोत्रे, पूर्वजांची नावे हे सारे त्याने नानांच्या वतीने म्हणायचे आणि मुलीच्या नावाची जागा तेवढी त्यांच्यासाठी सोडायची, असे ठरले होते. ती जागा आली. नानांनी ओठ जुळवले. काही आले नाही. त्यांनी हात वर केला, आनंद संकल्पाच्या आरंभाकडे गेला. पुन्हा ती जागा, पुन्हा शांतता, पुन्हा तो वर झालेला हात. व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली केला. वरपक्षातले कोणी घड्याळ पाहू लागले, वहिनींनी डोळे मिटून घेतले, आणि मी मनातल्या मनात ते नाव इतक्यांदा म्हटले की मलाच ते परके वाटू लागले. पिंकीचा हात वडिलांच्या हातात होता. ती वाकली आणि त्यांच्या कानाशी, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "काऊन बे बाबा, कुठी पाहून राह्यले?"

मंडपात कोणाला काही कळले नाही. नानांचे खांदे हलले. ते हसत होते. हसतहसतच त्यांनी पुन्हा आरंभ करायला लावले, आणि ती जागा आली तेव्हा त्यांच्या तोंडून स्वच्छ, टोकापर्यंत ऐकू जाईल असे निघाले, "पिंकीनाम्नीम् इमां कन्याम्..."

घरात सगळे तिला पिंकी म्हणत, एकटे नाना कधी म्हणत नसत. या नावाला काही अर्थ आहे का, असे म्हणून त्यांनी ते तिच्या बाळपणीच नाकारले होते. आता देवाब्राह्मणांच्या साक्षीने, विभक्तीसकट, ते मंत्रात जाऊन बसले होते. मंडपात हसू पसरले. आनंद गोंधळला. हळूच विचारू लागला, "गुरुजी, पत्रिकेतलं नाव घालून पुन्हा म्हणू का, पहिल्यापासून?" नानांनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या मुलीकडे पाहत म्हणाले, "चालते."

आयुष्यभर एका अक्षराची सूट कोणाला न देणाऱ्या माणसाचे ते मत होते. पिंकी रडत होती आणि वडिलांचा हात सोडत नव्हती, त्यामुळे पाणी सोडायला अंमळ उशीर झाला. अशा नावाने केलेले दान शास्त्राला मान्य होते की नाही, ते शास्त्र जाणणारे सांगतील. नानांना मी त्याबद्दल अजून विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही.