सरळ दुधी घरी राहत नाही

कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका मैत्रिणीच्या डब्यात मी सबंध वांग्यांची भरली भाजी पाहिली आणि विचारलं, "किडकं कुठून कापलं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मला खरंच वाटायचं की वांग्याचा अर्धा भाग फेकण्यासाठीच असतो.

यात माझी फारशी चूक नव्हती. आमचं घर भाजी पिकवणाऱ्यांचं. आमची वांगी, दुधी कारंज्याच्या बाजारात जातात. तोडा झाला, म्हणजे भाजी तोडून घरी आली, की बाबा ओट्यावर बसतात आणि दोन ढीग करतात. चकचकीत, सरळ माल बाजाराचा. किडकं, वाकडं, तडकलेलं घरचं. हा नियम कोणी केला माहीत नाही. बाबा बोलत असतात एकीकडे आणि हात निवडत असतात दुसरीकडे. त्यांच्या हाताखालून सरळ दुधी घरात गेलेली मी कधी पाहिली नाही.

आमच्या वस्तीच्या आणि रस्त्याच्या मध्ये नाला आहे, त्यावर बुटका रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल. आमचं वावर, म्हणजे शेतही पलीकडेच. गेल्या वर्षी भादव्यात रपट्यावरून तीन दिवस पाणी गेलं. आदल्याच दिवशी सगळा माल बाजारात गेला होता आणि घरात दोन किडकी वांगी उरली होती. ती पहिल्या दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी मायने मला वाटी देऊन शेजारच्या काकूंकडे पाठवलं.

"भाजीवाल्यायच्या घरी भाजी नाई? बाप्पा!" काकू इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं. वाटी भरून चवळी दिली, पण हसणं थांबेना. मी मान खाली घालून परत आले आणि त्याच दिवशी ठरवलं की घरामागे खायची बाग करायची. कॉलेजात परसबागेबद्दल शिकवलंच होतं. रस्ता बंद पडला तरी घर चाललं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

पण घरामागच्या त्या जागेवर बाबांचा आधीच डोळा होता. तिथे टिनाचं शेड टाकून त्यात क्रेट, फवारणीचा पंप आणि मोटारसायकल ठेवायची होती.

"आपुन येवढी भाजी पिकवतो, अन् तू घरामागं वाटीभर कायले लावून राह्यली?" उन्हाळ्यात मी वाफे काढायला घेतले तेव्हा बाबा म्हणाले.

"रपटा बुडाला की खायला," मी म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला.

"बरं. औंदा रपटा बुडाला, अन् तो उघडेपर्यंत घर तुह्या बागेवर चाललं, त जागा तुही. काकूच्या घरी वाटी गेली, नाई त माह्या क्रेटाले हात लागला, त मी दुसऱ्या दिवशी खांब गाडतो."

निवाडा करायला माय. ती म्हणाली, "मले काय, मी दोघायलेबी पाहीन."

मी दुधी, काकडी, टमाटे, चवळी, अंबाडी, मिरची असं सगळं लावलं. पाऊस लागला तशी बाग भरली. आणि मग भाजी गायब व्हायला लागली. पहिली दुधी हातभर झाली तशी एका सकाळी वेलावर नुसतं देठ. ओट्यावर पाहिलं, तर बाजाराच्या ढिगात सगळ्यात वर तीच.

"बाबा, ही माझी आहे!"

बाबांनी दुधी हातात घेऊन फिरवून पाहिली. चेहरा अगदी खरा. "अवं, हात गेला. चांगली दिसली."

त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला आजही पटतं. पण असं आठवड्यातून तीनदा व्हायला लागल्यावर मी विचार केला. बाबांचा हात थांबवता येणार नव्हता. पण भाजी वाईट दिसली तर तो हात आपोआप थांबणार होता.

म्हणून कोवळ्या दुधीच्या पुढे मी वीट ठेवली. दुधी विटेला वळसा घालून वाढली आणि कोपरातून मुडपलेल्या हातासारखी झाली. काकड्या सुतळीच्या फासातून वाढवल्या. एका दुधीवर लहान असतानाच खिळ्याने 'घरचं' असं कोरलं. दुधी वाढली तशी अक्षरंही पाटीएवढी झाली.

बाबा तिच्यापुढे बराच वेळ उकिडवे बसले. "हा कोनता रोग आला वं? अक्षरं येऊन राह्यली."

टमाट्यांना मात्र माझी अक्कल जास्त झाली. राख ताकात कालवून मी एकेका टमाट्याला ठिपके दिले. इतके हुबेहूब, की संध्याकाळी बाबा म्हणाले, "टमाट्यावर करपा आला. उद्या फवारा मारतो." औषध बसलं असतं तर ते टमाटे खाता आले नसते. पहाटे उठून मी ओढणीने एकूणएक टमाटा पुसला. बाबा पंप पाठीवर घेऊन आले तेव्हा सगळे टमाटे लालबुंद.

"रात्रीतून रोग गेला? काय मारलं?"

"ताक," मी म्हणाले. निम्मं तरी खरं होतं.

त्या आठवड्यात बाबांनी वांग्यांवर ताक मारलं. घरात कढी झाली नाही. मायने माझ्या राखाडी ओढणीकडे पाहिलं आणि ती धुवायला टाकली.

भादव्यात पुन्हा रपटा बुडाला. या वेळी आदल्या संध्याकाळचा तोडा घरीच होता. तीन क्रेट वांगी, काचेसारखी चकचकीत, आणि जायला रस्ता नाही.

बाबा खुशीत आले. "पाह्य, माह्या घरात तीन क्रेट भाजी हाय. तुही बाग कायले पायजे?"

"ते क्रेट तिले चालत नाई," मायने आठवण करून दिली.

"तिले नसन चालत. मले चालते. मी माहे वांगे खाईन."

पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी विटेची दुधी खाल्ली आणि बाबांनी वांग्याची भाजी. आयुष्यात पहिल्यांदा सबंध, न किडलेलं वांगं त्यांच्या ताटात होतं. "लोक काय खातात, आज समजलं," असं म्हणून त्यांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी आमची अंबाडी, त्यांचं दोन्ही वेळा वांगं. रात्री ते भरताकडे बघून म्हणाले, "याच्यात बिया लय असते, नाई?" तिसऱ्या दिवशी आम्हाला चवळी. बाबांनी भाकरी ठेच्यासोबत खाल्ली आणि भूक नाही म्हणाले. ठेच्यातली मिरची माझ्या बागेतली होती.

त्या दुपारी माय मागे चुलीचं लाकूड आणायला गेली आणि तिने मला हाताने बोलावलं. काकडीच्या मांडवाखाली बाबा डोक्यावर पोतं घेऊन बसले होते. तोंड भरलेलं.

"कडू हाय का, पाहून राह्यलो," ते म्हणाले.

"अवो, चार देठं पडले तुमच्या पायाजवळ," माय म्हणाली. "चौथीपर्यंत समजलंच नाई काय?"

मी हसले, पण बाग संपत आली होती. मी तीन दिवसांचाच अंदाज बांधला होता. चौथ्या दिवशीही पाणी उतरलं नाही. टमाटे दोन, मिरच्या, कढीपत्ता, बस. दुपारी शेवटचे टमाटे चिरले. संध्याकाळी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, संपलं. मी हरले. उद्या खांब गाडा."

बाबांनी मायकडे पाहिलं. माय तव्यावरची भाकरी उलटत होती.

"हरली त ती हरलीच," ती म्हणाली. "पन बागेच्या चार काकड्या तुमी खाल्ल्या. त्या राह्यत्या त आजची संध्याकाळ निघाली असती. सांगा आता, कोन हरलं?"

बाबांनी एक क्रेट चुलीपाशी ओढला. त्या रात्री तिघांनीही त्यांची वांगी खाल्ली. पाचव्या दिवशी सकाळीच रपटा उघडला.

खांब मात्र गाडले गेले, पण घराच्या बाजूला, मोटारसायकल कशीबशी मावेल इतक्या अरुंद जागेत. खड्डे बाबांनीच खणले. टिन ठोकून झाल्यावर मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते घाम पुसत म्हणाले, "दुधीचा वेल या टिनावर चढव. वर तुराट्या पसरून देतो, म्हनजे टिन तापनार नाई."

"टिनावर कशाला, बाबा?"

"वर असन त मले दिसनार नाई. दिसलं नाई त हात जानार नाई."

इतकं सरळ बोलणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मी वेलाला सुतळी बांधली आणि तो वर चढवला. पुढच्या वेळी पाच दिवसांचं लावायचं, हेही तिथेच ठरवलं.

शेड उभं राहिलं आणि चार दिवसांनी बाबा कारंज्याहून खांद्यावर नवी शिडी घेऊन आले. टिनाचे खिळे अधूनमधून तपासावे लागतात म्हणाले.