मुद्दाम हरलेले डाव

माझं वय सत्तरीकडे चाललंय आणि मला व्हिडिओ गेम खेळायला आवडतात. हे मी आता लपवत नाही. आधी लपवायची. दारात कोणी आलं की रिमोट पदराखाली. शेजारीण विचारायची, "काकू, तुमच्या घरातून टुंईटुंई आवाज येऊन राहिला, मिक्सर बिघडला का?" मी म्हणायची, "हो बाई, बिघडला."

मला शिकवलं कोणी नाही. दिवाळीनंतर आमच्या सिहोऱ्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, तिथं मुलीसाठी एक हातात धरायचा खेळ घेतला होता. खोक्यावर लिहिलेलं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. निघाले अकरा-बारा, बाकी तेच, नुसते जरा जोरात पळणारे. मुलीला चार दिवसांत कंटाळा आला आणि तो डबा माझ्याकडे राहिला. वरून विटा पडतात, त्या फिरवून फिरवून खाली पूर्ण ओळ जमवायची, जमली की ओळ गायब. भात शिजेपर्यंत एक डाव. कितीदा भात लागला, विचारू नका.

तेव्हापासून माझी काही मतं झाली आहेत. बटण दाबल्यावर बोटाला उत्तर मिळालं पाहिजे. मोबाईलच्या काचेवर ते मिळत नाही, खेळाकडे बघायचं सोडून आपल्याच बोटाकडे बघावं लागतं. पुढे मी टीव्हीला जोडायचा खेळ घेतला. त्याच्या कॅसेटमध्ये लोक फुंकर मारायचे, तो वेडेपणा. थुंकी जाते आत. कापसाच्या बोळ्यानं पुसावी. कॉम्प्युटरवर इंटरनेटमध्ये शेतीचा एक खेळ होता, त्याच्यावर तर माझा राग होता. त्यात धान लावायचं आणि चार तासांनी कापायचं. ना पऱ्हे टाकून रोपं वाढवणं, ना चिखल, ना रोवणा, म्हणजे लावणी. आणि वर सारखं बोलावणं, या, तुमचं पीक वाळून राहिलं. माझ्या खऱ्या बांधीनं, धानाच्या शेतानं, मला इतका त्रास कधी दिला नाही.

पण माझं सगळ्यात मोठं मत एकच. हरल्यावर आपण का हरलो हे ज्याच्यात कळतं, तो खेळ चांगला. हे मी पुष्कळांना ऐटीत सांगितलं आहे. आता सांगत नाही.

आमचे हे सिहोरा ते तुमसर काळीपिवळी चालवायचे. प्रवाशांची जीप, स्वतःची. त्यांना खेळाचं वेड नव्हतं, पण मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोघंच उरलो, तेव्हा संध्याकाळच्या चहानंतर ते दुसरा रिमोट उचलू लागले. टीव्हीवर एकाच वेळी दोघांना विटा रचता यायच्या, डावीकडे त्यांच्या, उजवीकडे माझ्या. ज्याच्या विटा वरपर्यंत भरल्या तो हरला. ड्रायव्हरचा हात, त्यात नजर पक्की. महिनाभरात ते मला हरवू लागले. आणि दयामाया नाही. "पोळ्या गोल येतेत तुह्या, विटा काहून वाकड्या येतेत?" असं बोलायचे. मी म्हणायची, "तुमाले पोळ्याच नाही देत उद्या." अशी सात-आठ वर्षं गेली.

मग दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी जिंकायला लागले. पहिल्यांदा वाटलं, आपला हात बसला. मग वाटलं, हे मुद्दाम सोडून देऊन राहिले. उतारवयात माणूस मऊ होतो म्हणतात, मला ते आवडलंसुद्धा. पण एके दिवशी मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा बटणावर जायचा, पण लवकर उठायचा नाही. वीट दोनदा फिरवायची असली तर एकदाच फिरायची. दाबणं होतं, सोडणं नव्हतं. खेळणाऱ्यालाच दिसावं असं ते होतं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं.

दसऱ्याच्या दिवशी ते लागोपाठ चार डाव हरले. रिमोट खाली ठेवला, सोनं द्यायला लोक येऊन राहिले होते तरी उठले नाहीत. म्हणाले, "आता मले काईच जमून नाही राहिलं." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मी म्हटलं, "एक डाव अजून." आणि त्या डावात मी हरले.

हरणं सोपं नसतं. जिंकण्यापेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते. धडधडीत चूक केली तर समोरचा ओळखतो. म्हणून थोडं थोडं हरायचं. लांब कांडीसारखी वीट येते तेव्हा ती बरोबर जागेच्या एक घर बाजूला टाकायची आणि "अगं माय" म्हणायचं. तीन डावांत एक आपण जिंकायचा, नाहीतर संशय येतो. मी यात इतकी तयार झाले की मलाच स्वतःचं कौतुक वाटायचं. हे पुन्हा टोमणे मारू लागले, पोटभर जेवू लागले. सकाळी जीप पुसताना शीळ घालायचे.

दिवाळीला मुलगी आली. तिनं चहाची कपबशी वाजताना ऐकली. म्हणाली, "बाबा, तुमचा हात थरथरून राहिला. नागपूरले दाखवून या. तवरी गाडी नका चालवू."

हे हसले. "हात बिघडला असता त तुह्या मायले रोज हरवलं असतं का? इचार तिले."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चकल्यांचं ताट होतं. मी म्हटलं, "हरवतेत बाप्पा, रोजच हरवतेत." आणि ताट पुढं केलं. मुलीचं समाधान झालं. एवढंच मी केलं. त्या वेळी ते फार मोठं वाटलं नाही.

संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी तुमसरहून येताना, तलावाच्या वळणावर जीप रस्ता सोडून बांधीत उतरली. वेग जास्त नव्हता. सगळे खरचटून उठले, एक बाई नाही उठली. वाटेवरच्या गावची, माझ्याच वयाची, तुमसरला टमाटरं विकून रिकामं टोपलं घेऊन परत निघालेली. कडेला बसली होती. तिचा पाय मांडीत मोडला. रॉड टाकला, तरी पाय आखूड राहिला. रोवण्याच्या चिखलात आता ती उभी राहू शकत नाही, हे मला तिच्या सुनेनं सांगितलं.

ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागला नाही. मिस्त्रीनं जीप बघितली. म्हणाला, "काका, बरेक त टकाटक हाये." तरी ह्यांनी ब्रेकचं सगळं सामान नवं घालून घेतलं. रविवारी दुपारी म्हणाले, "उद्यापासून गाडी लाइनीवर लावतो."

मी भांडी घासत होते. तशीच ओल्या हातानं आले, टीव्ही लावला. म्हटलं, "बसा. एक डाव खेळू."

"भरदुपारी?"

"बसा म्हणते ना."

मी खरं खेळले. दीड मिनिटही लागलं नसेल. त्यांच्या विटा वरपर्यंत भरल्या, माझ्याकडे तळाशी दोन ओळी.

ते म्हणाले, "हा रिमोट खराब हाये." मी माझा त्यांना दिला, त्यांचा मी घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्या डावात त्यांनी मध्येच खेळणं सोडलं आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांच्या बाजूला विटा आपोआप एकावर एक पडत गेल्या. त्यांना कळलं होतं. तरी विचारलं.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"म्हणजे पोरगी बोलली तवा..."

"हो."

"तू तवा काहून नाही बोलली?"

तुमचं तोंड उतरलेलं बघवत नव्हतं, हे मनात होतं, पण ते एका माणसाच्या पायापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, "वळणाच्या आधी मी त्या टमाटरवालीले म्हटलं होतं, बाई, घट्ट धर."

सोमवारी जीप निघाली नाही. नागपूरच्या डॉक्टरनं त्यांना बोटं उघड-मीट करायला लावली, दहा पावलं चालवलं आणि कंपवात सांगितला. विचारलं, त्रास केव्हापासून? ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिले माहीत." मी सांगितलं. डॉक्टरनं लिहून घेतलं. गोळ्या सुरू आहेत. जीप ह्यांचा मेहुणा घेऊन गेला.

हे आता माझ्याशी खेळत नाहीत. मुलीचा जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर एकट्यानं लावायचा पत्त्यांचा डाव आहे, घाई नसलेला. तो खेळतात, हरतात, पुन्हा मांडतात. मी एकदा म्हटलं, "माह्यासंग बसा न. आता खरंच खेळीन." म्हणाले, "आता तू जिंकली तरी मले वाटन, इनं किती सोडून दिलं असन. थो कॉम्प्युटर मले काई सोडून देत नाही." राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

त्या बाईकडे मी अधूनमधून जायची. तांदूळ न्यायची, तिचे पाय चेपून द्यायची. ती म्हणायची, "बरेकनं दगा देला, त्याले भाऊ काय करन?" मी ऐकून घ्यायची.

मागच्या महिन्यात ह्यांनीच चप्पल घातली. म्हणाले, "चाल, तिच्याकडं जाऊन येऊ." तिथं ते खाटेसमोर खालीच बसले. म्हणाले, "बाई, बरेक बरोबर होता. माहा पाय येळेवर नाही उठला. बिमारी हाये."

मी म्हटलं, "बिमारी मले अगोदरच समजली होती." आणि सगळं सांगितलं. विटा, दसरा, मुलीला जे बोलले ते. तिला टीव्हीवरचा खेळ म्हणजे काय हे आधी समजेना, मग समजलं. सून चहा घेऊन आली होती. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

बाईनं आखूड पाय दोन्ही हातांनी सरळ केला. मग म्हणाली, "म्हणजे तुमी दोघं घरी खेळून राहिले होते, आन् मी मंधात सापडली."

ती उठायला बघू लागली. काठी घरंगळून खाटेखाली गेली होती. मी वाकले, काढली, तिच्यापुढे धरली. तिनं माझ्या हातून घेतली नाही. "ठेव खाली," म्हणाली. मी खाली ठेवली. मग तिनं स्वतः वाकून, एका हातानं खाटेचा पाया धरून, ती उचलली.