नोरा टॅन्सीची माती

डिंप्ना गेरटीचा बाप बॅटी आख्ख्या क्लूनराहच्या पंचक्रोशीतली डुकरं खच्ची करायचा. धंदा चांगला, वास वाईट. पोरगी टीव्हीवर गेली तेव्हा गाव एवढंच म्हणालं, "त्या घरात बोंबा मारायची सवय जन्मापासनं हाय. तिला नाटक काय अवघड?"

नाटकाचं झालं असं. डिंप्ना तेव्हा दूधसंघाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, जंताची औषधं आणि गमबूट विकायची. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत नाचगाणी बंद, म्हणून गावोगावच्या हॉलात नाटकांच्या स्पर्धा. क्लूनराहच्या मंडळात मोठ्या बाईचं काम कायम फिलोमिना गॅक्वीनला. तिचा आवाज असा, की मागच्या रांगेत घोरणारं म्हातारं दचकून 'आमेन' म्हणायचं. डिंप्नाच्या वाट्याला चहाचा ट्रे.

त्या वर्षी फिलोमिना मेलेल्या लेकाच्या पेटीवर पडून रडत होती आणि कुणाचं तरी कुत्रं रंगमंचावर आलं. त्यानं पेटी हुंगली, तंगडी वर केली आणि लेकाला न्हाऊ घातलं. फिलोमिनाचं रडणं घशातच राहिलं. डिंप्ना ट्रे घेऊन आत आली. एक थेंब न सांडता कुत्र्याच्या ढुंगणावर लाथ घातली आणि म्हणाली, "चहा, मालकीणबाई." हॉल हसून हसून लोळला. परीक्षकांच्या शेजारी डब्लिनहून आलेला टीव्हीवाला बसला होता. त्यानं जाताना रडणारी सोडली आणि ट्रेवाली नेली. त्या दिवसापासून फिलोमिनानं डिंप्नाला कायम पाठच दाखवली.

'बॅलीफाड' नावाच्या मालिकेत डिंप्ना झाली नोरा टॅन्सी. पबवाल्याची बायको, व्हिस्कीत पाणी घालणारी, गावाच्या भानगडी फडक्यानं पुसता पुसता ऐकणारी. दर रविवारी, तेवीस वर्षं. देशानं तिला नोराच मानलं. बाजारात तिनं बटाटे मोजून मागितले की बाया म्हणायच्या, "आता कळतं व्हय माप?" नोराचं जनावरांच्या डॉक्टरशी जमलं त्या हिवाळ्यात डिंप्ना चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेली, तर फादर लॅव्हिननी जाळीआडून विचारलं, "आणि त्या डॉक्टरचं काय?"

"फादर, ते मी न्हवं. ती नोरा."

"बरं. मग तुझ्या नावचे पाच जप कर आणि तिच्या नावचे वीस."

तिनं पंचवीस केले. वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

लग्न तिनं केलं नाही. एकदा जमत आलं होतं. पण तो गडी पहिल्याच भेटीत म्हणाला, "टीव्हीवर तू जाड दिसत न्हाईस." मग डिंप्ना आईपाशीच राहिली. आई बीना, आता सत्त्याऐंशीची, कानानं पक्की आणि जिभेनं त्याहून पक्की. तीन दिवस डब्लिनला शूटिंग, चार दिवस आई. त्यातले शूटिंगचे तीन दिवस डिंप्नाला विसाव्याचे वाटायचे.

आणि एकसष्टाव्या वर्षी फोन आला. मालिकेचा लेखक ओरन होता, दबक्या आवाजात बोलत होता.

"डिंप्ना, नोराला मारायचं ठरलंय. पबच्या तळघरात पडते, दवाखान्यात चार दिवस पडून राहते आणि जाते. तुझ्याच गावच्या चर्चमध्ये अंत्यविधी शूट करायचा. सोमवारी."

डिंप्ना खुर्चीत बसली. "म्हंजे मी बेकार."

"ऐक. बिशपच्या ऑफिसानं फक्त सोमवारची परवानगी दिलीय. त्या दिवशी अंत्यविधी झाला नाही, तर दुसरा दिवस मिळत नाही. मग मला तुला दवाखान्यातून बरी करून आणावी लागेल. अजून एक वर्ष नक्की. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस."

डिंप्नानं फोन ठेवला. एकसष्टच्या बाईला दुसरी मालिका कोण देतंय? दूधसंघाच्या गल्ल्यावर आता मशीन बसलंय, तेही बोलकं. सोमवार मोडला तर वर्ष वाचतं, एवढा हिशोब तिला लगेच कळला. आणि मग ती एकदम हसली. कारण वार सोमवार होता.

क्लूनराहात सोमवारी कबर खोदत नाहीत. खोदली तर वर्षाच्या आत घरातलं आणखी एक जातं, असं जुन्यांचं म्हणणं, आणि जुन्यांचं म्हणणं मोडायला अजून कुणी जन्माला आलेलं नाही. इथं कबर भाड्यानं खोदून मिळत नाही. शेजारी खोदतात, आणि शेजाऱ्यांचा म्होरक्या पाकी बेर्न. साठ वर्षांत गावातलं प्रत्येक मढं त्याच्या फावड्याखालनं गेलेलं.

शनिवारी डिंप्ना त्याच्याकडं गेली. सरळ काही बोलली नाही. चहा घेतला, त्याच्या बायकोच्या ब्रेडला नावं ठेवली, मग उठता उठता म्हणाली, "पाकी, डब्लिनवाल्यांना नोराची कबर सोमवारी खोदून पायजे म्हणं."

पाकीच्या हातातला कप थांबला. "सोमवारी?"

"शहरातली माणसं. त्यांना काय कळतंय."

"सोमवारी माझं फावडं भिंतीलाच टेकून राहतंय, डिंप्ने. पोप आला तरी."

"मी काय म्हणणार बाबा," डिंप्ना मान पाडून म्हणाली. "तुझा धर्म तुझ्यापाशी."

घरी येताना ती रस्त्यावर गुणगुणत होती. रविवारी तिनं दुपारभर ताणून दिली.

सोमवारी सकाळी ती कबरस्तानात आली ती कपाळाला आठ्या घालून. भांडण बघायला जाताना आपण वाईट वाटून घेतल्यागत दिसावं लागतं. मालिकेची मालकीण सोरका देवनी, लांब काळ्या कोटातली, कबरस्तानाच्या टोकाला उभी होती. तिच्याभोवती पाकी आणि तिघं गडी, घामाघूम. आणि त्यांच्या पायापाशी सहा फूट खोल, चारी बाजू सुरीनं कापल्यागत सरळ, कडेला फर्नची पानं लावलेली कबर.

"अप्रतिम आहे," सोरका म्हणाली. "डिंप्ना, तुमची माणसं काय गुणी आहेत हो!"

डिंप्नानं कबरीत डोकावून बघितलं. "पाकी. आज सोमवार हाय."

"अगं, ठावं हाय की!" पाकी हसला, खाली एकच दात राहिलेला. "शनिवारी तू गेलीस आन् मला चैन पडंना. म्हटलं, तेवीस वर्षं पोरीनं गावाचं नाव टीव्हीवर नेलं, आन् आपण तिची माती अडवायची? काल चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही चौघं आलो आन् हरळीची एक ढेप उचलून ठिवली. रविवारी ढेप निघाली म्हंजे कबर रविवारचीच. आज खोदली तरी दोष न्हाई. ही सोय तुला ठावं नव्हती व्हय?"

ठाऊक होती. बाप गेला तेव्हाही अशीच ढेप उचललेली. पण माणूस आपल्या सोयीचं तेवढंच आठवतो.

"उपकार झाले बाबा," डिंप्ना म्हणाली.

"उपकार कसले. आन् आता ही उघडी ठिवता येत न्हाई बरं का. उघडी कबर रातभर राहिली की ती आपल्या मनानं माणूस बोलावती. दिवस मावळायच्या आत कायतरी आत गेलंच पायजे."

फादर लॅव्हिन लगबगीनं आले. "चार वाजता सगळं आवरा. पाचला म्हातारा होरन येतोय."

"कोण होरन? त्यांचं काम काय?" सोरकानं विचारलं.

"त्यांचं काम मेल्याचं आहे. खरंखुरं."

म्हणजे चर्चमधला प्रसंग एकदाच चित्रित करता येणार होता. दुसऱ्यांदा करायला वेळच नव्हता. हे ऐकलं आणि डिंप्नाच्या जिवात जीव आला. पेटी उघडी राहणार, लोक ओळीनं तोंड बघून जाणार, आणि पेटीत बाहुला चालणार नाही म्हणून सोरकानं डिंप्नालाच झोपायला सांगितलेलं. मग काय! ऐन गर्दीत एक शिंक. मेलेली बाई शिंकली की प्रसंग मेला, चार वाजले की चर्च होरनचं, आणि नोरा दवाखान्यातून बरी. शिंकेबद्दल कुणी कुणाला नोकरीवरून काढत नाही.

आता गर्दीचं सांगायचं. सोरकानं साठ माणसं मागितली होती. पण पाकीच्या बायकोनं काम चोख व्हावं म्हणून रविवारी रेडिओला मयताची बातमी दिलेली, आणि इथं दिवसातनं तीनदा रेडिओवर मयतांची नावं वाचतात ती माणसं जेवण सोडून ऐकतात. 'नोरा टॅन्सी, बॅलीफाड, दवाखान्यात, थोड्या आजारानं.' दुपारी एकला चर्चपासून पुलापर्यंत मोटारी लागल्या. सातशे माणूस. नोरा खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हॅनलीच्या घरचे मातीला जाणार म्हटल्यावर क्विगलीच्या घरच्यांना घरी बसता येत नाही. माती ही माती असते.

डिंप्ना पेटीत पडली. पांढरा झगा, हातात जपमाळ, चेहऱ्यावर बोटभर पावडर. कॅमेरा सुरू झाला. पहिल्या बाकावर पडद्यावरचा नवरा बसला होता, आणि त्याच्याशेजारी, कुणीही न सांगता, बीना. काळी टोपी घालून.

रांग चालू लागली. प्रत्येक जण पेटीपाशी थांबायचा, क्रूसाची खूण करायचा, पुढं जाऊन बाकावरच्या दोघांशी हात मिळवायचा आणि म्हणायचा, "दुःखात सहभागी हाय." डिंप्नाच्या डोळ्यांवर पापण्या होत्या, कानांवर काही नव्हतं.

"बारीक झाली न्हाई?"

"झोपल्यावर सगळ्याच होत्यात."

"माझ्याकडनं गवत कापायचं यंत्र नेलं हुतं हिनं. आता कुणाला मागू?"

"गप. ऐकंल."

"चांगली बाई हुती. पाणी घालायची, पण चांगली हुती."

डिंप्नाला आतल्या आत हसू फुटत होतं. तरी ती थांबली. रांग दाराबाहेर असेपर्यंत शिंकून उपयोग नव्हता. अजून वेळ होता, परत सुरू करतील. मध्यावर आलं पाहिजे. साडेतीनचे टोले पडले. आता. तिनं नाकातल्या नाकात हवा ओढून घेतली.

तेवढ्यात लव्हेंडरचा वास आला. फिलोमिना गॅक्वीन. तेवीस वर्षं समोरासमोर आली नव्हती ती. पेटीवर वाकली, इतकी की टोपीची कड डिंप्नाच्या हनुवटीला लागली. आणि शेजारणीला, चर्चभर ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात कुजबुजली, "नाक हललं बघ, आता शिंकंल. टीव्हीवाल्यांना वाटतं लई मोठी नटी. हिला साधं मरतासुदिक येत न्हाई."

शिंक घशापर्यंत आलेली. तिच्यामागं एक वर्ष होतं. तीन दिवस डब्लिन, पगार, हॉटेलची मऊ गादी. सगळं त्या एका शिंकेत. बाकी काही करायचं नव्हतं, फक्त सोडून द्यायची.

डिंप्नानं ती गिळली.

कशी गिळली ते तिचं तिलाच ठाऊक. डोळ्यांच्या आत पाणी जमलं, ते बाहेर येऊ दिलं नाही. पायाचा अंगठा पांघरुणाखाली वाकडा झाला, तो तसाच धरला. श्वास इतका वर, इतका थोडा घेतला, की छातीवरची जपमाळ हलली नाही. फिलोमिना वाट बघत राहिली. मागचे ढकलू लागले. तरी राहिली. गाल हुंगल्यासारखी अजून खाली वाकली. डिंप्ना मेलेली होती. तेवीस वर्षांत नोराचं एवढं नेटकं काम तिनं केलं नव्हतं, आणि ते बघायला एकच प्रेक्षक पुरेसा होता.

शेवटी फिलोमिनाचा हात पेटीच्या कडेवर आला.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा गेला नाही. "खरंच गेली का काय? कुणीतरी नाडी बघा की गं!"

"चल पुढं, फिलोमिना," मागनं पाकी म्हणाला. "डाक्टर शेवटच्या रांगेत हाय."

पावणेचारला प्रसंग झाला. सोरकाच्या डोळ्यांत पाणी होतं. "डिंप्ना, इतकं सुंदर मेलेलं मी कुणाला पाहिलं नाही."

डिंप्ना पेटीत उठून बसली आणि सलग अकरा वेळा शिंकली. मग विचारलं, "पुढच्या वर्षीचं काय?"

"अहो, आता पुढचं वर्ष कसलं? तुम्ही तर गेलात."

पेटीत दगड भरून पाकीनं ती दिवस मावळायच्या आत पुरली. कबर उपाशी ठेवता येत नाही.

डिंप्नानं तोंड धुतलं, गमबूट घातले आणि हॉलमध्ये गेली. सगळं गाव तिथंच होतं. चहाच्या किटल्या फिरत होत्या, आणि पलीकडच्या भिंतीला हॅम सँडविचचं टेबल लागलेलं. दारातच, मधोमध, मोठ्या खुर्चीवर बीना बसली होती. तिच्यापुढं रांग. एकेक जण वाकून तिचा हात हातात घ्यायचा आणि म्हातारी गंभीरपणे मान हलवायची, कुणाकुणाला शेजारच्या थाळीतली बिस्किटंही द्यायची.

"आये," डिंप्ना तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "माझी नोकरी गेली."

"तिकडं हो. माणसं येत्यात."

"आये, ऐकलंस का? नोकरी गेली. मीच घालवली, एका शिंकंपायी."

"नोकरी गेल्यावर हात धराय किती येत्यात गं?" बीना रांगेवरची नजर न काढता म्हणाली. "दोन. त्यातला एक उसनं मागाय. आन् हिकडं बघ, पुलापर्यंत हायत. माझ्या मातीला याच्या निम्मी आली तरी मी सुखानं जाईन. सर बाजूला. होरनची थोरली सून आली, तिला वाट दे."

डिंप्नानं वाट दिली. मग भूक लागली होती म्हणून ती रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. हॅमच्या टेबलाकडं जायला आईपुढनं जाण्याखेरीज दुसरी वाट नव्हती.