बुरशीला प्रायोजक शोधत चाकणपर्यंत

लोक हिमालयात जातात, युरोपात जातात. मी थेरगावहून चाकणला गेलो. आणि मंडळी, छातीवर हात ठेवून सांगतो, असा खडतर प्रवास त्या हिमालयवाल्यांनी स्वप्नातही केलेला नाही.

निमित्त माझी भाची, प्रज्ञा. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साठवलेला कांदा का सडतो आणि कडुनिंबाच्या अर्काने त्यावरची बुरशी थांबते का, हा तिच्या संशोधनाचा विषय. विद्यापीठाची योजना अशी, की एखाद्या उद्योगाने निम्मा खर्च उचलल्याचं पत्र दिलं तर उरलेला निम्मा विद्यापीठ देतं. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. पत्र नाही तर प्रयोगशाळा नाही. मग ग्रंथालयात बसून दुसऱ्यांच्या प्रयोगांवर निबंध लिहायचा. कंपन्यांना मेल पाठवून पोरगी टेकीला आली होती. शेवटी चाकणच्या एका साहेबांनी ‘सकाळी या’ म्हटलं. बहिणीने सोबत मला धाडलं. “बोलायला तू बरा,” म्हणाली. तिची तेवढीच चूक.

त्या कंपनीच्या बसवरच्या, ओळखीच्या एका ड्रायव्हरने सांगून ठेवलं होतं, “डांगे चौकात थांबा, पांढऱ्या बसला हात करा.” चौकात बघतो तर सगळ्याच बस पांढऱ्या! जनरल शिफ्टची (म्हणजे उजाडल्यावर कामाला जाणाऱ्या भाग्यवंतांची) वेळ. आमच्याकडे त्या वेळी कुणी फाइल घेऊन चौकात उभा असला की बस आपणहून थांबते. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. थांबली, आम्ही चढलो.

“नवीन का, भाऊ?” शेजारच्या निळ्या गणवेशाने विचारलं.

“मी नाही राव, भाची. शास्त्रज्ञ आहे. साहेबांनी खास बोलावलंय.”

“कुठल्या शॉपला? पेंट की वेल्डिंग?”

“कांद्याच्या.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. चाकणपर्यंत उघडले नाहीत.

भोसरी गेली, आणि मोशीपासून वाहनांनी जी मुळं धरली! पुढच्या ट्रकातल्या कांद्याला मोशीत कोंब दिसले; चिंबळी फाट्यावर त्याची पात भाजीला आली होती. इंद्रायणीच्या पुलावर एका नवरदेवाच्या गाडीशी ओळख झाली, कुरुळीला त्याच्या पोराच्या बारशाचं आमंत्रण मिळालं. प्रज्ञा मात्र खिडकीशी बसून साहेबांपुढे काय बोलायचं ते पुटपुटत होती.

बस गेटातून आत वळायला लागली तेव्हा तिने पाटी वाचली.

“मामा, ही ती कंपनी नाही.”

उतरलो. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, मला आता विमान गाठायचंय, पुढच्या आठवड्यात बघू. पोरीने फोन खाली ठेवला आणि फाइल छातीशी धरून कंपाउंडकडे तोंड करून उभी राहिली.

गेटवरचा म्हातारा वॉचमन जवळ आला. “हितं उभं ऱ्हाता येत न्हाई, पाव्हणं. आमचंच वावर होतं हे, पर आता आमालाबी पास लागतो. मागल्या गेटाला जावा, कँटीनवाला हाय. च्या तरी मिळंल.”

मागच्या गेटाला वास आधी भेटला, कँटीनवाला नंतर. माने काका, मूळचे सोलापूरकडचे, कँटीनचे ठेकेदार. कांद्याची पोती उलटी करत आणि देवाला शिव्या घालत बसले होते. पोत्यांतून काळं पाणी गळत होतं.

“भाव पडला म्हणून ट्रकभर भरून ठेवला, राव! आता पोरं ताट आपटतात, कांदा कुठंय म्हणून.”

मी लगेच पुढे सरसावलो. “काका, नशीब काढलंत! ही आमची प्रज्ञा. हिने नुसता हात लावला तरी सडका कांदा टवटवीत होतो. जपानवाले दारात बसून आहेत!”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मागं एकजण असंच बोलून पावडर विकून गेला. कांदा सडला, त्याचा फोन बंद. तुमचे कोण पाव्हणे होते का?”

“मामा, तू गप्प बस,” प्रज्ञा म्हणाली. मग ती एक सडका कांदा उचलून, फोडून, काकांजवळ उकिडवी बसली. “काका, मला अजून काहीच माहीत नाही. कडुनिंबाने फरक पडेल असं वाटतं. कदाचित पडणारही नाही. ते तपासायचं तर कुणीतरी निम्मा खर्च उचलतो असं पत्र आजच लागतं.”

“नाही पडला तर?”

“तर नाही पडला असं लिहीन.”

“म्हणजे मी निम्मा खर्च द्यायचा, आणि तू ‘नाही’ लिहून देणार?”

“हो. पण पुढच्या पावडरवाल्याला तुम्ही पैसे देणार नाही.”

काका एवढे हसले की चाकणच्या तळेगाव चौकातले ट्रक ब्रेक मारून थांबले असतील. “पत्र देतो. पोती ठेवायला कोपराही देतो. पण अहवाल मराठीत पाहिजे. मला वाचता आला पाहिजे.”

हळदीच्या बोटांनी सही झाली. प्रज्ञाने पत्राचा फोटो विद्यापीठातल्या तिच्या सरांना पाठवला आणि लगेच त्यांचा फोन आला.

“कँटीन? कँटीन म्हणजे उद्योग होतो का गं?”

माझ्या जिभेवर ‘आंतरराष्ट्रीय अन्नसमूह’ आलंच होतं. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. “दोन्ही पाळ्यांचं जेवण बनतं, सर. जीएसटी नंबर आहे.”

“सडका कांदा देतील?”

“ढीग आहे, सर.”

“मग मूळ पत्र संध्याकाळपर्यंत आणून दे. घेतो.”

ती तिथेच पोत्यावर टेकली आणि हसायला लागली. मीही इतका मोठा श्वास सोडला, की काकांची शेगडी विझली.

काकांच्या टेम्पोतून, सडक्या कांद्याच्या दोन पोत्यांशेजारी बसून आम्ही विद्यापीठात गेलो, पत्र दिलं आणि थेरगावला परतलो. बहिणीने आम्हाला घरात घेतलं, पोत्यांना नाही.

मी जन्मभर समजत होतो, पैसा छाती ठोकणाऱ्याला मिळतो. माझ्या भाचीला तो ‘मला माहीत नाही’ म्हटल्यावर मिळाला. असं असेल तर मंडळी, मला माहीत नसलेल्या गोष्टींचा साठा चाकणच्या अख्ख्या बाजारात मावणार नाही. कुणी प्रायोजक असेल तर कळवा.