आम्ही इस्तंबूल बघत होतो

इस्तंबूलला आम्ही गेलो ते ऑक्टोबरअखेर, मुलाच्या शाळेला सुट्टी होती तेव्हा. मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमध्ये इंजिनियर. इथे राहून राहून एक रोग जडतो, सहलीचंसुद्धा एक्सेल करायचा. तासातासाचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवलं होतं. बायको म्हणाली, "अरे, श्वास घ्यायलाही एक स्लॉट ठेव." मी हसलो आणि ठेवला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्याला फोन केला. बाबा खोकत होते. "काही नाही रे, हवा बदललीय," आई म्हणाली. बाबांनी फोन घेतला. ते बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. देवळात शिरले तरी आधी तुळई बघायचे, मग देव. म्हणाले, "आया सोफियात चौकोनी पायावर गोल घुमट कसा पेललाय ते नीट बघ आणि मला सांग."

सोमवारी पोचलो. मंगळवारी आया सोफिया. आत परांच्या बांधलेल्या, पर्यटकांना वरच्या सज्ज्यातच सोडतात. घुमट अर्धाच दिसला, पण जे दिसलं त्याने मान आखडेपर्यंत वर बघत राहिलो. कोपऱ्यांतल्या तिरक्या कमानींचे दहा-बारा फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. बाबांच्या फोनवरून अंगठा आला. मग दोन शब्द, "मजा करा."

मजा करा! माझ्या बापाने उभ्या जन्मात कुणाला मजा करा म्हटलं नव्हतं. ते विचारणार, चुना कुठला, वजन कुठे उतरवलंय. मला तिथेच कळायला हवं होतं. पण डोंबल! मी म्हटलं, खोकला आहे, टाइप करायचा कंटाळा आला असेल.

बुधवारी जमिनीखालची पाण्याची टाकी बघितली. शेकडो खांब, खाली घोटाभर पाणी, छतातून थेंब गळताहेत. एका खांबाखाली दगडी बाईचं डोकं उलटं ठेवलेलं. वर येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तर तो भावाने उचलला. "झोपलेत," म्हणाला. गुरुवारी दुपारी बोटीतून लावला, तेव्हाही झोपलेले. बाबा दुपारी कधी झोपत होते? हा प्रश्न माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण बोट किनाऱ्याला लागत होती आणि पुढच्या तिकिटाला वीस मिनिटं उरली होती. शुक्रवारी टोपकापीचा राजवाडा झाला. बायको दिवसभर गप्प होती. मी तिच्यावर चिडलोसुद्धा. एवढे पैसे घालून आणलंय, आणि हिचं तोंड बघा!

शनिवारी स्टुटगार्टला उतरलो. बॅगा येऊन हातात पडल्या आणि मग तिने माझा दंड धरला. "खाली बस," म्हणाली.

बाबांना मंगळवारीच दवाखान्यात नेलं होतं, न्यूमोनिया. भावाने बुधवारी तिला कळवलं आणि शपथ घातली. गुरुवारी संध्याकाळी बाबा गेले. शुक्रवारी दुपारी त्यांना अग्नी दिला, तेव्हा मी सुलतानाच्या मुदपाकखान्यातल्या चिनी बशा बघत होतो.

मी तिथे सामानाच्या पट्ट्याशेजारी ओरडलो. लोक बघायला लागले, मुलगा जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा विचारत राहिला, पापा, काय झालं? इस्तंबूलहून मुंबईला थेट विमान आहे. साडेसहा तास. जर्मनीपेक्षा मी निम्म्या वाटेवर होतो रे, निम्म्या वाटेवर! भाऊ फोनवर रडत म्हणाला, "बाबांनीच सांगितलं होतं. पोरं फिरताहेत, त्यांना कळवू नका."

त्या एका वाक्यावर मी तगलो. बायकोशीही त्याच आधारावर पुन्हा बोलायला लागलो. शिवाय मी कुठल्या तोंडाने भांडणार? मुलाचा हात मोडला तेव्हा प्लास्टर निघाल्यावरच मी पुण्याला कळवलं होतं. माझी नोकरी गेली, ती दुसरी मिळाल्यावर सांगितली. उगाच लांबच्या माणसाला घोर कशाला, हे आमच्या घरात सगळेच करतात, आणि प्रेमानेच करतात.

मार्चमध्ये आई तीन महिन्यांसाठी इकडे आली. एका रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, बायको बाजूला कणीक मळत होती. विषय बाबांवर आला. मी म्हटलं, "आई, त्यांची तशी इच्छा होती म्हणून बरं. नाहीतर मी तुम्हाला कुणालाच माफ केलं नसतं."

आईने वर बघितलं. "कसली इच्छा?"

"मला कळवू नका म्हणाले ना ते."

कणकेतला हात थांबला. बायकोला ठाऊक नसावं, तिचाही चेहरा उतरला. आई थोडा वेळ काड्या मोडत राहिली.

"असं कुठे म्हणाले ते? रोज विचारायचे, त्याला कळवलंत का, निघाला का. आम्ही सांगायचो, हो, निघालाय, विमानात आहे." तिने पुढची जुडी ओढली. "मग शांत पडून राहायचे. गुरुवारी दुपारी मला म्हणाले, अगं, एवढा वेळ लागतो का तिकडून यायला?"