नसलेल्या पदाची जागा

मासवणहून पालघरला येणाऱ्या शेअर रिक्षात ते मास्तर रोज माझ्या शेजारी असत. बाहीवर खडू आणि डोळे पेंगुळलेले. रिक्षावाला "सरका, मास्तर" म्हणाला, की मुकाट सरकत.

एकदा म्हणाले, "आज बहुपदींचा भागाकार शिकवला. मधलं पद नसलं तरी शून्य लिहून त्याची जागा ठेवायची, हेच पोरं विसरतात. मग पुढचं सगळं चुकतं."

"वर्गात किती मुलं?"

"दिवाळीनंतर निम्मी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. राहिलेल्यांना मी पुढे सरकून बसू देत नाय. गेलेल्यांचे बाक तसेच ठेवतो."

"परत येतात?"

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि एक बाई चढल्या. मास्तर आणखी आक्रसून बसले.

"जागा असली, तर येतील."