चौतीस दात्यांची चकती

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच वहिनी बोलू शकल्या. पुढचं त्यांच्या भावाने सांगितलं... झोपेतच, हार्ट अटॅक. त्याला आता महिना होऊन गेला. लोक येऊन त्याच्याबद्दल चांगलं बोलून गेले, मीही बोललो. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि ती गाळून मधूवर लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा खोटं बोलणं.

आम्ही दोघे अंबडच्या एकाच कारखान्यात. सिन्नरचा मधू टूलरूममध्ये फिटर, मी टाइम स्टडीत. कोणत्या कामाला किती सेकंद लागतात, ते स्टॉपवॉच घेऊन मोजणारा. मला पाहिलं की कामगारांची तोंडं वाकडी व्हायची. हा एकटाच खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझं घड्याळ लय कामाचं हाय. चल माझ्यासंग." नव्वदच्या दशकात त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची बुटकी उघडी गाडी, बांधली होती. पाइप वाकवून केलेला सांगाडा, भंगारातून आणून स्वतः उभं केलेलं स्कूटरचं इंजिन, तिथून मागच्या आसाला साखळी. गिअर एकच, म्हणून मागची दातेरी चकती कोणती लावायची यातच सगळी अक्कल. दाते जास्त असले तर गाडी वळणातून झटक्यात उचलते, पण सरळ रस्त्यावर तिचा वेग लवकर अडतो. दाते कमी असले तर वेग वाढतो, पण इंजिनाने ओढलं तर. अडतीस की चौतीस, या विचारात तो जेवताना भाकरीच्या कडेला नखाने दाते पाडत बसायचा आणि वहिनी करवादायच्या.

पुण्याकडे शर्यत ठरली होती. "पहिल्या तिनात आलो ना, तर नोकरीला रामराम. कार्टच बनवीन," असं तो म्हणायचा, आणि वहिनीही तयार होत्या.

शर्यतीआधीच्या शनिवारी, सुट्टीमुळे ओस पडलेल्या कारखान्यांच्या रस्त्यावर आम्ही फक्कीच्या दोन रेघा मारल्या, मध्ये शंभर मीटर. पहिली रेघ ओलांडताना मधू हात वर करायचा, मी बटण दाबायचो, दुसऱ्या रेघेला थांबवायचो. अडतीसची चकती तिन्ही वेळा चार पूर्णांक आठ सेकंद. मग चौतीसची लावली. तो निघाला आणि माझी शेंगदाण्याची पुडी सुटली. ती सावरून मान वर केली तोवर त्याचा हात खाली आला होता. मी घाईने, पण उशिराच बटण दाबलं. घड्याळात चार पूर्णांक चार.

"चुकलं, पुन्हा घे," इतकंच म्हणायचं होतं. पण टाइम स्टडीवाल्याचीच वेळ चुकली, हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी आकडा सांगून टाकला.

"पक्कं?"

"पक्कं."

पेट्रोल संपत आलं होतं, त्यामुळे तो दुसऱ्यांदा धावला नाही. "तू म्हणतो म्हंजे झालं," म्हणत चौतीसची घट्ट करून टाकली.

शर्यतीत त्याची गाडी दर वळणातून बाहेर पडताना कण्हत होती. शेवटून दुसरा आला. परतताना टेम्पोत एकदाच बोलला, "त्या दिवशी ओढत होतं ना... माझं इंजिनच कच्चं राव. असलं इंजिन बांधणाऱ्यानं कार्ट काय विकायच्या." त्याने शेड रिकामी केली आणि शेवटपर्यंत फिटरच राहिला. त्यानंतर कितीतरी शनिवार आम्ही एकत्र मिसळ खाल्ली. दरवेळी सांगू म्हणायचो, दरवेळी पाव संपायचा. मला लाज वाटते.

परवा त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी ती चौतीसची चकती खिळ्यावर आहे, तिच्या दात्यांना वहिनी किल्ल्या अडकवतात. म्हणाल्या, "भंगारात द्या म्हटलं की म्हणायचे, राहू दे. चकतीचा दोष नाही, तिची वेळ आपल्या दोस्ताने घेतलीय."

मी चहा पिऊन निघून आलो. म्हणून इथे लिहितोय. वहिनी, मधूचं इंजिन चांगलं होतं. त्याने हात वर केला तेव्हा मी पुडीकडे बघत होतो.